वेबसाइट गोदामात, किल्ली आपल्या हातात

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

गुरुवार हा आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा रविवार. शहरातल्या बँका आणि कचेऱ्या चालू असतात, पण भोसरी एमआयडीसीच्या गल्ल्यांत बहुतेक शटर खाली असतात, लेथ थांबलेले असतात आणि वीज दुरुस्तीची कामेही बहुधा याच दिवशी निघतात. चेन्नईच्या किंवा जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला मात्र आपला गुरुवार ठाऊक नसतो. तो नेमका त्याच दिवशी आपल्या कारखान्याची वेबसाइट उघडतो. यांच्याकडे मशिने कोणती, प्रेस किती टनांची, गुणवत्तेची प्रमाणपत्रे कोणती, एवढे त्याला पाहायचे असते. ती वेबसाइट ऑफिसच्या कोपऱ्यातल्या संगणकावर ठेवली असेल, तर वीज गेली की वेबसाइटही गेली.

म्हणून आज एका साध्या प्रश्नाबद्दल बोलू. कारखान्याची वेबसाइट ठेवायची कुठे? पूर्वी याला दोन उत्तरे होती. स्वतःचा संगणक चोवीस तास चालू ठेवा, किंवा एखाद्या कंपनीकडून तसा संगणक वर्षाच्या भाड्याने घ्या. आता तिसरे उत्तर रुळले आहे. त्यात चालू संगणक लागतच नाही. वेबसाइटच्या फाइली एका मोठ्या गोदामात ठेवायच्या आणि गोदामवाल्याला सांगायचे, कोणी मागितल्या तर दे. या गोदामाला 'क्लाउड स्टोरेज' म्हणतात. सोय स्वस्त आहे आणि मजबूतही आहे. पण तिच्यात दोन-चार खाचखळगे आहेत आणि त्यातला एक लहान कारखानदाराला चांगलाच महागात पडू शकतो.

हे जमते कसे, ते आधी पाहू. जुन्या पद्धतीच्या वेबसाइटमध्ये तुम्ही एखाद्या दुव्यावर बोट ठेवले की निरोप दूरच्या संगणकाकडे जातो. तो नवे पान तयार करून पाठवतो. पुढे दुसरीकडे बोट ठेवले की पुन्हा निरोप, पुन्हा नवे पान. 'एकपानी अॅप्लिकेशन'ची रीत निराळी आहे. तुमचा ब्राउझर पहिल्याच वेळी सगळा सरंजाम घेऊन येतो. त्यात एक मूळ पान, आज्ञावलीच्या एक-दोन फाइली आणि काही चित्रे असतात. पुढची कामे तुमच्याच संगणकात किंवा मोबाइलमध्ये होतात. पान एकच राहते, मजकूर तेवढा बदलत जातो. २००४ साली आलेल्या जीमेलने आणि २००५ साली आलेल्या गूगल मॅप्सने ही रीत सर्वसामान्यांपर्यंत नेली. नकाशा बोटाने सरकवला तरी पान कोरे होत नाही, हे तेव्हा नवल होते. पुढे अँग्युलर, रिअॅक्ट, व्ह्यू अशी साधने २०१० ते २०१४ या काळात आली आणि हे काम कॉलेजातली मुलेही करू लागली.

उदाहरण घेऊ. समजा, भोसरीत एक स्प्रिंग बनवणारा कारखाना आहे. त्याने वेबसाइटवर एक सोय केली. गिऱ्हाइकाने तारेचा व्यास, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या भरायची, की स्प्रिंग किती ताठ होईल हे लगेच समोर येते. बाकी सगळे तसेच ठेवून तारेचा व्यास दुप्पट केला, तर स्प्रिंग सोळा पट ताठ होते. हे पुस्तकातले सूत्र आहे. ते गणित करायला कारखान्याचा संगणक लागत नाही, गिऱ्हाइकाचा मोबाइलच ते करतो. मग कारखान्याकडे उरले काय? नुसत्या पडून असलेल्या फाइली. पडून असलेल्या मालाला गोदाम पुरते, त्याच्यापाशी कारागीर बसवून ठेवावा लागत नाही. एकपानी वेबसाइट आणि क्लाउड स्टोरेज यांची जोडी जमते ती यामुळे.

हे गोदाम आहे कुठे?

'क्लाउड' म्हणजे ढग. पण या ढगाला पत्ता असतो, कुंपण असते आणि विजेचे बिलही असते. आपल्याला तर तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'अॅझ्युअर' सेवेचे तीन भारतीय विभाग २०१५ साली सुरू केले. त्यातला 'सेंट्रल इंडिया' नावाचा विभाग पुण्यात आहे. याच कंपनीने २०२२ साली पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर जमीन घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अॅमेझॉनने आपली 'एस-थ्री' ही साठवणुकीची सेवा जगात २००६ साली आणली आणि मुंबईचा विभाग २०१६ साली उघडला. म्हणजे चाकणच्या कारखान्याची वेबसाइट ठेवायची जागा चाकणपासून तास-दोन तासांच्या अंतरावर असू शकते. खाते उघडताना विभाग निवडावा लागतो. न बघता पुढे गेलात, तर तुमच्या फाइली अमेरिकेतही जाऊन पडतील.

या गोदामात मोठमोठे कप्पे असतात. अॅमेझॉन त्याला 'बकेट' म्हणते, मायक्रोसॉफ्ट 'कंटेनर'. कप्प्यात ठेवलेल्या प्रत्येक फाइलला एक पूर्ण नाव असते आणि त्या नावानेच ती सापडते. गोदामवाला प्रत्येक वस्तू एकाहून अधिक ठिकाणी राखतो. एक डिस्क जळाली तरी माल जात नाही. अॅमेझॉनचा हिशोब असा, की तुम्ही एक कोटी वस्तू ठेवल्यात तर सरासरीने दहा हजार वर्षांत त्यातली एखादी हरवेल. पण हा भरवसा त्यांच्या डिस्कबद्दलचा आहे. तुमच्याच माणसाने चुकून फाइल पुसली, तर गोदाम ती आज्ञाधारकपणे पुसते. यासाठी जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय तिथे असते. ती चालू करावी आणि एक प्रत आपल्या ऑफिसातही ठेवावी. गोदाम कधी काही तासांपुरते बंद पडू शकते, हेही लक्षात असू द्या. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात दुरुस्तीच्या वेळी एक आज्ञा चुकीची टाइप झाली आणि असंख्य वेबसाइटी सुमारे चार तास अडखळल्या.

दारावरचा पहारेकरी

या गोदामातून थेट वेबसाइट दाखवण्याची सोय अॅमेझॉनने २०११ साली दिली, मायक्रोसॉफ्टने २०१८ साली. दोन्हीकडे तुम्हाला मुख्यतः दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिले पान कोणते, आणि मागितलेली वस्तू सापडली नाही तर काय दाखवायचे. पहिले पान म्हणजे 'इंडेक्स' नावाची फाइल. इथवर सोपे आहे. अडचण दुसऱ्या प्रश्नाशी येते.

एकपानी वेबसाइटमध्ये 'आमच्याविषयी', 'मशिने', 'संपर्क' अशी पाने दिसतात, पत्त्याच्या चौकटीतला पत्ताही बदलतो. पण गोदामात त्या नावाच्या फाइली नसतातच. तो सगळा देखावा एकाच पानातून उभा केलेला असतो. आता तुमच्या गिऱ्हाइकाने 'मशिने' या पानाचा पत्ता आपल्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. साहेबांनी तो उघडला. त्यांचा ब्राउझर थेट गोदामाच्या दारात गेला आणि म्हणाला, 'मशिने' द्या. पहारेकऱ्याने यादी पाहिली, त्या नावाचे काही सापडले नाही, त्याने ४०४ चा शेरा मारून परत पाठवले. पहिल्या पानावरून आत गेलेल्याला सगळे दिसते, थेट आत येणाऱ्याला मात्र काहीच सापडत नाही. घरच्या चाचणीत हा दोष कळत नाही, कारण घरचा माणूस नेहमी पहिल्या पानावरूनच आत शिरतो.

उपाय सोपा आहे. पहारेकऱ्याला सांगून ठेवायचे, की यादीत नसलेले काही कोणी मागितले तर त्याला परत पाठवू नकोस, रिसेप्शनला पाठव. म्हणजे 'सापडले नाही' या पानाच्या जागीही तेच 'इंडेक्स'चे नाव द्यायचे. ते पान उघडले की त्यातली आज्ञावली पत्ता वाचते आणि 'मशिने' हा भाग दाखवते. यात एक बारकावा आहे. पान दिसते, पण सोबतचा ४०४ चा शेरा तसाच राहतो. माणसाला तो दिसत नाही, गूगलसारख्या शोधयंत्राला दिसतो, आणि ते असे पान आपल्या यादीत घेत नाही. शोधात सापडणे महत्त्वाचे असेल तर गोदामाच्या पुढे जी वितरणाची सेवा लावतात, तिच्यात हा शेरा बदलून घ्यावा लागतो.

ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन

ही वितरणाची सेवा म्हणजे काय, हे चाकणच्या माणसाला समजावून सांगायला नको. मोठ्या वाहन कारखान्यांना भाग पुरवणारे कित्येक जण कारखान्याच्या आसपास छोटे गोदाम घेतात. मूळ माल कोल्हापूरला बनो की औरंगाबादला, लाइनवर लागेल तेव्हा तो जवळच असतो. इंटरनेटवरही हेच करतात. तुमच्या फाइलींच्या प्रती जगभरच्या छोट्या गोदामांत ठेवतात आणि पाहणाऱ्याला जवळच्या गोदामातून देतात. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला पान पटकन उघडते ते त्यामुळे. शिवाय स्वतःच्या नावाचा पत्ता आणि त्याच्यापुढे सुरक्षिततेचे कुलपाचे चिन्ह, हे दोन्ही हवे असेल तर या दोन्ही कंपन्यांच्या गोदामांपुढे अशी सेवा लावावीच लागते.

पण जवळच्या गोदामात माल ठेवला की एक जुना धोका येतो. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली आणि मशिनवर जुनीच लावलेली राहिली, तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो. वेबसाइटचेही तसेच. तुम्ही मूळ गोदामात नवी फाइल ठेवली, तरी छोट्या गोदामात आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये जुनी प्रत पडलेली असते. मग फोन येतो, 'तुमचा नवा नंबर दिसत नाही.'

यावरचा तोडगाही ड्रॉइंगसारखाच आहे. रिव्हिजन बदलली की नावही बदलायचे. आजची साधने आज्ञावलीच्या प्रत्येक फाइलच्या नावात एक खुणेचा क्रमांक आपोआप घालतात. मजकूर बदलला की क्रमांक बदलतो. अशा फाइली छोट्या गोदामांनी वर्षभर ठेवल्या तरी बिघडत नाही, कारण नवी फाइल नव्या नावाने येते. फक्त 'इंडेक्स' या एका पानाला सांगायचे, की दर वेळी मूळ गोदामात विचारून खात्री करून घे. कारण कोणती रिव्हिजन चालू आहे, याची यादी त्या पानात असते. नव्या फाइली चढवताना आधी बाकीच्या चढवायच्या, 'इंडेक्स' सर्वांत शेवटी. नाहीतर यादी नवी आणि माल अजून आलाच नाही, अशी गत होते.

कुलूप कशाला लावायचे?

आता मुख्य मुद्दा. आपल्या पट्ट्यातले हजारो लहान कारखाने जॉबवर्कवर चालतात. माल आपण बनवतो, पण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे असते. अजून बाजारात न आलेल्या गाडीच्या भागाचे ड्रॉइंग आपल्या कपाटात असते आणि ते बाहेर जाऊ देणार नाही, असे आपण लिहून दिलेले असते. लहान कारखानदाराचे खरे भांडवल मशिनपेक्षा या विश्वासात आहे. तो एकदा गेला की पुढची ऑर्डर येत नाही.

ज्या कप्प्यातून वेबसाइट दाखवायची तो कप्पा जगाला उघडा असतो. त्यात ठेवलेली वस्तू, तिचा पत्ता ज्याला कळला त्याची झाली. होते असे, की कोणीतरी सोयीसाठी गिऱ्हाइकाची ड्रॉइंग त्याच कप्प्यात टाकतो आणि 'दुवा कोणाला ठाऊक आहे?' म्हणून निर्धास्त राहतो. दुवा ईमेलमधून पुढे जातो, किंवा वेबसाइटच्या आज्ञावलीतच लिहिलेला सापडतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत तर वेबसाइटच्या खास कप्प्यावर 'खासगी' अशी खूण केली तरी वेबसाइटच्या पत्त्यावरून त्यातल्या फाइली मिळतच राहतात. तो कप्पा दाखवण्यासाठीच आहे.

असे प्रकार मोठ्यांच्याही घरी घडले आहेत. 'भीम' या पैसे देण्याच्या सोयीचा प्रसार करण्यासाठी नागरी सुविधा केंद्रांमार्फत एक वेबसाइट चालवली जात होती. तिच्याशी संबंधित सुमारे ७२ लाख नोंदी एस-थ्रीच्या उघड्या कप्प्यात सापडल्याचे सुरक्षा संशोधकांनी २०२० साली जाहीर केले. खुद्द 'भीम' अॅपमधली माहिती फुटल्याचे राष्ट्रीय देयक महामंडळाने नाकारले. उघड्या कप्प्यापर्यंत जायला कुलूप तोडावे लागत नाही, फक्त दार ढकलून पाहावे लागते. अशा घटना वाढल्यावर अॅमेझॉनने २०१८ साली सगळे कप्पे एका खटक्यात बंद करण्याची सोय दिली आणि एप्रिल २०२३ पासून नवा कप्पा मुळातच बंद मिळू लागला.

दुसरी गोष्ट लॉगिनची. एकपानी वेबसाइटवर पासवर्डची चौकट काढणे सोपे आहे. पण आज्ञावली तर पाहणाऱ्याच्या संगणकात उतरलेली असते आणि थोडी माहिती असलेला माणूस ती वाचू शकतो. पासवर्ड, गुप्त किल्ली किंवा गिऱ्हाइकागणिक ठरवलेले दर त्या फाइलींत लिहिले असतील, तर ते कारखान्याच्या फाटकावर चिकटवल्यासारखेच आहेत. चौकट फक्त पडदा टाकते, कुलूप लावत नाही. खरे कुलूप माहितीपाशी हवे. ड्रॉइंग दुसऱ्या, बंद कप्प्यात ठेवायची. मागणारा कोण आहे हे तपासणारी छोटी आज्ञावली गोदामवाल्याच्या बाजूला चालवायची, आणि तिने ओळख पटल्यावर ठरावीक मुदतीची चिठ्ठी द्यायची. दहा मिनिटे, तासभर, जेवढे लागेल तेवढे. मुदत संपली की चिठ्ठी रद्द. ही सोय दोन्ही गोदामांत आहे.

तिसरी गोष्ट चौकशीच्या फॉर्मची. गोदामाला टपालपेटी नसते. फॉर्म भरून 'पाठवा' म्हटले, तर तो घेणारे कोणीतरी वेगळे लागते. ते कोण आहे आणि लोकांची नावे-नंबर कुठे साठतात, हे विचारून घ्या. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खर्च आणि किल्ली

खर्चाचे गणित सोपे आहे. एक जीबी माल महिनाभर ठेवायला दोन-अडीच रुपये पडतात. कारखान्याची साधी वेबसाइट पंचवीस-पन्नास एमबीची, म्हणजे साठवणुकीचा खर्च महिन्याला रुपयाच्याही आत. खरे भाडे बाहेर जाणाऱ्या मालाचे आहे, आणि त्याचा दर साठवणुकीच्या चार-पाच पट असतो. दोन्ही कंपन्या महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत देतात. दोन एमबीचे पान महिन्यात तीन हजार जणांनी पाहिले तर ६ जीबी होतात, काळजी नको. पण पहिल्याच पानावर आपोआप चालणारी चाळीस एमबीची फॅक्टरीची चित्रफीत टाकलीत, तर तेवढ्याच लोकांत १२० जीबी होतात. पुढे लावायच्या वितरण सेवेला कुठे वेगळे मासिक भाडे असते, तेही आधी विचारावे. आणि बिल अमुक रकमेपुढे गेले की ईमेल येईल, अशी सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवावी.

शेवटी किल्लीबद्दल. वेबसाइट भाच्याने किंवा ओळखीच्या मुलाने करून दिलेली असते. खाते त्याच्या ईमेलवर, वेबसाइटचे नाव त्याच्या नावावर, पैसे त्याच्या कार्डवरून. पुढे तो नोकरीला बंगळुरूला जातो, कार्डची मुदत संपते आणि एक दिवस वेबसाइट दिसेनाशी होते. यात कोणाचा खोटेपणा नसतो, नुसता ढिसाळपणा असतो. कारखान्याचा गाळा जसा आपल्या नावावर असतो, तसे वेबसाइटचे नाव आणि गोदामाचे खातेही कारखान्याच्या नावावर, कारखान्याच्या ईमेलवर हवे. मुख्य खात्याला पासवर्डबरोबर मोबाइलवरच्या क्रमांकाचे दुसरे कुलूप लावावे. काम करणाऱ्या मुलाला त्याच्या कामापुरती वेगळी किल्ली द्यावी, म्हणजे तो गेल्यावर ती काढून घेता येते.

तुमच्या कारखान्याची वेबसाइट आधीच असेल, तर ती करणाऱ्याला उद्या पाच प्रश्न विचारा. फाइली कोणत्या शहरातल्या गोदामात आहेत? आतल्या पानाचा पत्ता थेट उघडला तर ते दिसते का? नवी माहिती टाकली की जुनी किती वेळ दिसत राहते? उघड्या कप्प्यात नेमके काय काय आहे, त्याची यादी दाखवशील? आणि खाते कोणाच्या नावावर आहे? चौथ्या प्रश्नाची यादी स्वतः वाचा. तिच्यातली प्रत्येक वस्तू फाटकावरच्या फळ्यावर लावायला तुमची हरकत नसेल, तर ती तिथे असू द्या. एखाद्या नावापाशी मन जरा अडखळले, तर ती फाइल त्याच दिवशी बंद कप्प्यात हलवा.